डी अँड डीचे बारा क्लास: रस्सा एकच, वाट्या बारा?

तर्रीबाज
राजेहो, रविवारी धरमपेठेत सेशन झालं. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत एकेकानं आपलं पात्र खेळायचा खेळ; 2014 ची पाचवी आवृत्ती. क्लास म्हणजे त्या पात्राचा पेशा. सगळे पाचव्या लेव्हलला पोचलो आणि माझा फायटर (लढवय्या), शेजारचा पॅलाडिन (धर्मयोद्धा), समोरचा बार्बेरियन (रानटी योद्धा), तिघांनाही एकच बक्षीस: एका पाळीत दोन वार. विझर्ड अन् सॉर्सरर या दोन जादूगारांनी फायरबॉल, म्हणजे आगगोळ्याचा मंत्र, घेतला, माराचे आठ-आठ फासे दोघांचेही. प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे सरावाच्या कामात फाशावर मिळणारी भर, तर बाराही क्लासना तोच. सावजीत मटण सांगा की अंडाकरी, रस्सा एकाच गंजातला! 1974 मध्ये तीनच क्लास होते, फायटिंग मॅन, मॅजिक यूजर, क्लेरिक (पुजारी). चोर 1975 मध्ये आला. तिथंच थांबायचं होतं ना.

फुटाळ्याचा चोर
मटण अन् अंडाकरी सारखीच लागत असेल तर तू नुसती तर्रीच पिऊन राहिला, भाऊ.
दुसरा वार तिघांना मिळतो, मान्य. पण वार बसल्यावर पॅलाडिनला ठरवावं लागतं, स्लॉट (मंत्रांचा मोजका कोटा) स्माइटवर, म्हणजे जादा दैवी मारावर, उडवू की कोणाला बरं करायला ठेवू? बार्बेरियन चवताळला की तलवारीचा मार अर्धाच बसतो, पण त्या रागात त्याला एक मंत्र म्हणता येत नाही. अन् मी रोग, म्हणजे चोराचा क्लास. स्नीक अटॅकसाठी, म्हणजे संधी साधून केलेल्या जादा मारासाठी, शत्रूला आपलं कोणीतरी खेटून लागतं, नाहीतर अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायची सवलत, लागतो. माझी निम्मी लढाई तुझा फायटर कुठं उभा आहे हे पाहण्यात जाते. डॅमेजची बेरीज कायले करतो बे?

तर्रीबाज
बरं. विझर्ड-सॉर्सररचं काय?

पडद्यामागचा डीएम
तोच फायरबॉल घे. सॉर्सररनं केअरफुल स्पेल, म्हणजे मित्रांना सांभाळायची युक्ती, लावला तरी मित्राला अर्धा मार बसतोच. एव्होकेशन शाखेचा विझर्ड मात्र मित्रांना अलगद वगळतो, भाजणं शून्य. उलट सॉर्सरर पॉइंट खर्चून तोच फायरबॉल बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जादा कृतीत, टाकतो, ते विझर्डला जमत नाही. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा; माझ्या टेबलावर यावरूनच एक क्लेरिक आडवा झाला होता.

दोनदा_मेलेला
मी तर्रीबाजच्या बाजूनं. फरक कागदावर आहे, टेबलावर नाही. वॉरलॉक, म्हणजे करार करून जादू मिळवलेला, त्याचे स्लॉट शॉर्ट रेस्टला (तासाभराच्या विश्रांतीला) परत येतात, विझर्डचे मुख्यतः लाँग रेस्टला (रात्रीच्या झोपेला). छान! पण आमच्याकडे शॉर्ट रेस्ट घेतो कोण? नऊ वाजले की काकू ताटं मांडतात. दोन स्लॉट उडवून वॉरलॉक रात्रभर तोच एक एल्ड्रिच ब्लास्ट, स्लॉट न लागणारा मंत्र, मारत बसतो. क्लासच नको. गर्प्स नावाचा असाच दुसरा खेळ 1986 पासून आहे, गुण वाटा अन् हवं ते पात्र बांधा.

फुटाळ्याचा चोर
बांधलं होतं. पहिली संध्याकाळ बेरजा-वजाबाक्यांत गेली अन् पाचही जणांनी तलवारवाला जादूगारच बनवून आणला. कुलूप उघडणारा कोणीच नाही. दरवाज्यासमोर वीस मिनिटं उभे होतो, पाचही जण.

पडद्यामागचा डीएम
आणि काकूंचा दोष वॉरलॉकवर का? शॉर्ट रेस्ट देणं माझ्यासारख्याचं काम आहे. दोन लढायांत एक तास द्या, मग तोच पोरगा विझर्डपेक्षा बेफिकीर खेळतो. विझर्ड मात्र दिवसभर कंजुषी करतो, कारण त्याचा दिवस लांब असतो.

तर्रीबाज
कंजुषीचं पटलं. आमचा विझर्ड खरंच शेवटचा स्लॉट घेऊन मरतो दरवेळी. रविवारी रोग घेऊन पाहतो. पण बार्ड, तो गवई? थोडे मंत्र, थोडं बरं करणं, थोडी तलवार. त्याले कायले वेगळा ठेवला?

फुटाळ्याचा चोर
बार्डचा धागा वेगळा काढ बाप्पा, इथं नको.