मदत हवी आहे: घरी टीपीएन (शिरेतून पोषण) चालवण्याचा अनुभव कुणाला आहे का?

नमस्कार मंडळी,

माझ्या दादाच्या (वय ४६) आतड्याच्या मुख्य धमनीत गुठळी झाली आणि लहान आतड्याचा बहुतेक भाग काळा पडला. तो काढावा लागला. माणसाचं लहान आतडं साधारण ६ मीटर असतं. दादाचं वरचं जेमतेम ९० सेंटीमीटर उरलंय. त्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावलीय. मोठं आतडं शाबूत आहे, पण सध्या जोडलेलं नाही.

डॉक्टर याला इंटेस्टाइनल फेल्युअर म्हणतात. आतडंही किडनीसारखं निकामी होतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. दादाला भूक लागते, तो जेवतोही, पण अंगी लागायच्या आत सगळं पिशवीत उतरतं. मॅग्नेशियम घसरलं की बोटांना मुंग्या, पोटऱ्यांत गोळे. लहान आतड्याचा शेवटचा भाग गेल्यामुळे बी१२चं इंजेक्शन आता कायमचं.

सगळ्यात वाईट आहे ती तहान. तो पाणी मागतो आणि आम्हाला नाही म्हणावं लागतं. साधं पाणी या उरलेल्या आतड्यात गेलं की शरीरातलं मीठ ओढून घेतं आणि पिशवी आणखीच भरते. म्हणून पाणी मोजून, बाकी जास्त मिठाचं ओआरएस घोटघोट. शहाळ्याचं पाणी, चहा, सरबत यांनीही तेच होतं. भेटायला येणारे प्रेमाने शहाळी आणतात. त्यांना समजावताना वहिनी रडकुंडीला येते.

रात्री टीपीएन चालतं. आता घरी न्या म्हणताहेत. टीपीएनची तीन कप्प्यांची तयार पिशवी मिळते, पण जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म खनिजं त्यात वेगळी घालावी लागतात. तुमच्याकडे ते कोण करतं, नर्स की घरचे? शिरेत बसवलेल्या नळीतून रक्तात जंतू जाण्याची मला फार धास्ती आहे. थंडी वाजून ताप आला तर तडक हॉस्पिटल गाठायचं, एवढं ठाऊक आहे. पण रोजची स्वच्छता घरात कशी बसवलीत?

आणखी एक. मोठं आतडं पुन्हा जोडलं की पाणी-मीठ शोषलं जाईल, उरलेलं आतडं दोनेक वर्षांत सरावेल आणि टीपीएन कमी होऊ शकेल, असं सांगितलंय. कुणाचं खरंच कमी झालं का? किती?

कृपया काढे आणि चूर्णं सुचवू नका. आम्ही सांगली जिल्ह्यात आहोत, पुण्या-मुंबईला यायची तयारी आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.