शेवगा राहू दे, खिशातली पुडी बघा

पुरुषाचा लैंगिक जोर कमी झाला तर काय करावं, या चर्चेत शेवग्याच्या शेंगा आणि उडदाच्या लाडवांनी जोर येतो यावर बरंच लिहून झालंय. खावा की, चवीला कोण नाही म्हणतंय! पण मी निपाणीचा, तंबाखूच्या गावचा, आणि तंबाखूबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितोय. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात. लिंगातल्या धमन्या जेमतेम 1 ते 2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3 ते 4. म्हणून आत चरबी साठायला लागली की ताठरता कमी झाल्याची तक्रार आधी दिसते, छातीतली कळ कधी कधी 2-3 वर्षांनी.

माझंच सांगतो. पंचेचाळिशीत इच्छा होती, पण अंग साथ देईना. मेडिकलवाल्यानं काही न विचारता ताठरतेची गोळी पुढं केली. घेतली नाही तेच बरं. हृदयासाठी नायट्रेट (छातीतल्या कळेवरचं औषध) चालू असलं तर ती गोळी रक्तदाब एकदम खाली आणते. बेळगावला तपासलं, उपाशीपोटी रक्तातली साखर 168, म्हणजे मधुमेहाच्या घरातली! तंबाखू सोडली, रात्रीचं जेवण साडेदहावरून आठला आणलं, सकाळी चालणं सुरू केलं. कुंदा, आमची बेळगावी मिठाई, फक्त सणाला, तोही चमचाभर (हे सगळ्यात जड गेलं). पाचेक महिन्यांत फरक पडला.

बायकांच्या बाजूनंही कुणीतरी लिहा. "दिवसभर राबून पाच तास झोपायचं, मग इच्छा कुठनं येणार?" हे आमच्या घरात ऐकून झालंय.