एमआरएनए ‘वेगळा काढणे’ : विलगीकरण, पृथक्करण की निवड?

सायली_अनु : एका मासिकासाठी लेख मराठीत आणतेय. १९७२ साली अविव आणि लेडर यांनी सशाच्या ग्लोबिनचा (हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाचा) संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा एमआरएनए, ऑलिगो-डीटी सेल्युलोजच्या (थायमिनच्या आखूड साखळ्या बसवलेल्या सेल्युलोजच्या) स्तंभातून वेगळा काढला, तिथून लेख सुरू होतो. मी ‘विलगीकरण’ लिहिलं. संपादक म्हणतात, करोनानंतर या शब्दाने वाचकाला फक्त खाटा दिसतात, ‘पृथक्करण’ करा. पटत नाहीये. शिवाय थायमिनच्या त्या साखळीला मूळ लेखात ‘सिंथेटिक पॉलिमर’ म्हटलंय, त्याला काय म्हणू?

जुना_रसायनी : पृथक्करण नकोच. रासायनिक पृथक्करण म्हणजे पदार्थात काय आणि किती आहे ते शोधणं. इथे हवी ती वस्तू हातात येतेय. पॉलिमरला बहुवारिक. ‘बहुलक’ हिंदीतला, आपल्या शाळेत बहुलक संख्याशास्त्रात शिकवतात.

पिपेटवाली : आमच्या बाकावर सगळे ‘पॉली-ए सिलेक्शन’ म्हणतात, म्हणून माझं मत ‘निवडणे’. एकूण आरएनएत संदेशवाहक जेमतेम १ ते ५ टक्के, बाकी मुख्यतः रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा. संदेशवाहकाच्या टोकाला ॲडेनिन या घटकाची शेपटी (पॉली-ए) असते, सस्तन प्राण्यांत साधारण २०० ते २५० ॲडेनिनची. सेल्युलोजवर किंवा चुंबकी मण्यांवर थायमिनच्या आखूड साखळ्या बसवलेल्या असतात. द्रावणात मीठ भरपूर असलं की ॲडेनिनची थायमिनशी जोडी जमते आणि शेपटी त्यांना धरून राहते, बाकीचं धुऊन जातं. मीठ काढून घेतलं की जोडी सुटते. ही भाजी निवडणं झाली, हवं ते उचलायचं. दुसऱ्या पद्धतीत रायबोसोमचाच आरएनए पकडून फेकतात. ते तांदूळ निवडणं, खडे बाहेर. दोन्हींना मराठीत एकच क्रियापद आधीपासून आहे!

गोदाकाठ : सुंदर. पण जीवशास्त्रात ‘निवड’ डार्विनने कधीच नेली. त्याच लेखात ‘नैसर्गिक निवड’ आली तर? ‘वेचणे’ घ्या.

जुना_रसायनी : वेचण्यात एकेक उचलणं येतं. इथे कोट्यवधी रेणू एकदम अडकतात.

मुक्ता_व : सिंथेटिकला ‘कृत्रिम’ मुळीच लिहू नका. कृत्रिम म्हटलं की खोटं वाटतं. थायमिनची साखळी यंत्रात जोडली तरी रसायन तेच. ‘संश्लेषित’ हवं.

गोदाकाठ : ‘कृत्रिम धागा’ म्हणताना कुणाला खोटा वाटतो? संश्लेषित वाचून दहावीचा मुलगा पान उलटेल.

पिपेटवाली : त्याआधी लेखात एक वाक्य घाला. हिस्टोनच्या (डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या) बहुतेक संदेशवाहकांना ही शेपटीच नसते, ते धुण्यातच जातात. ‘सगळा संदेशवाहक आरएनए’ लिहिलंत तर चूक होईल.

मुक्ता_व : ‘सगळा’ नव्हे, ‘सगळं’. आरएनए हे आम्ल आहे, म्हणून ‘ते’.

पिपेटवाली : प्रयोगशाळेत मी कायम ‘तो’ ऐकलाय. ‘आरएनए खराब झाला’ असंच म्हणतो.

जुना_रसायनी : वर्तमानपत्रंही ‘डीएनए जुळला’ लिहितात.

मुक्ता_व : म्हणून ते बरोबर होत नाही. ‘आम्ल जुळला’ लिहाल का?

गोदाकाठ : ‘बस’ला आपण स्त्रीलिंग दिलं तेव्हा आधी ‘गाडी’ आठवली होती का? लिंग वापर ठरवतो, मूळ शब्दाचं भाषांतर नाही.