कोलंबस, इंडियाना: जुनं घर भाड्याने घेताना काय बघावं?

प्रश्न: कमिन्स कंपनीच्या कामासाठी पुण्याहून जानेवारीत कोलंबसला जायचंय, सोबत दोन वर्षांची मुलगी. डाउनटाउनजवळ १९२० च्या सुमाराचं लाकडी घर मिळतंय. सही करण्याआधी काय तपासू?

उत्तर १: घर १९७८ च्या आधीचं, म्हणजे शिसं मिसळलेल्या विषारी रंगाची माहिती मालकाने करारापूर्वी लेखी द्यायलाच हवी, केंद्राचा कायदा आहे. मूल लहान आहे, तेव्हा खिडक्या स्वतः वरखाली करून बघा. रंग घासून खाचेत भुकटी साठते. ती झाडू नका, ओल्या कापडाने पुसा.

उत्तर २: हीटिंगचं बिल कोण भरणार? गेल्या हिवाळ्याची बिलं मागून घ्याच. एकेरी काचेच्या खिडक्यांना प्लास्टिक फिल्म दुहेरी टेपने चिकटवून हेअर ड्रायरने ताणा. सुट्टीवर जाताना हीटिंग बंद करू नका, ५५ फॅरनहाइटवर (सुमारे १३ सेल्सिअस) ठेवा. नाहीतर बाहेरच्या भिंतीतल्या पाइपमधलं पाणी गोठून फुगतं आणि पाइप फुटतो. कडाक्याच्या रात्री सिंकखालची दारं उघडी ठेवा, नळाची बारीक धार सोडा.

उत्तर ३: डिपॉझिटचंही बघा. घर सोडताना नवा पत्ता लेखी द्या. इंडियानात मालकाला ४५ दिवसांत हिशेब द्यावा लागतो, पण पत्ता दिला नसेल तर तुमचा दावा अडतो.