मिनीलॉग एक्सडी की मॉडएक्स ६? चार व्हॉइस नक्की कुठे अडवतात?

मंद्रसप्तक
नमस्कार. दोन वर्षं लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड एवढ्यावरच काम करतेय. लघुपटांना पार्श्वसंगीत देते. लांब ताणलेले पॅड (मागे पसरून राहणारे सूर), खाली बास, मधूनच पियानोची एखादी ओळ, असं माझं काम. आता एकच सिंथ (सिंथेसायझर) घ्यायचाय आणि तो बरीच वर्षं वापरायचाय. कॉर्गचा मिनीलॉग एक्सडी आणि यामाहाचा मॉडएक्स ६, या दोघांपाशी गाडी अडलीय.

मिनीलॉगचा कटऑफ (आवाजाची चमक कमी-जास्त करणारं फिल्टरचं बटण) हळूहळू फिरवला तेव्हा आवाज असा उमलत गेला की तिथून उठवेना. पण त्याला व्हॉइस चारच, म्हणजे एका वेळी चारच सूर. मॉडएक्समध्ये आवाजांची खाण आहे, मात्र टचस्क्रीनसमोर बसले आणि पुन्हा लॅपटॉपच उघडल्यासारखं झालं. वापरलेल्यांनी सांगा, चार व्हॉइस प्रत्यक्षात कुठे कमी पडतात?

खुंटी
पियानो यंत्रातूनच हवा असेल तर विषय संपला, मॉडएक्स घ्या. त्यात सॅम्पलवर (रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर) चालणाऱ्या आवाजांना १२८ आणि एफएम पद्धतीने घडवलेल्या आवाजांना ६४ व्हॉइस आहेत, पट्ट्या पूर्ण आकाराच्या ६१. शिवाय यूएसबीच्या एकाच तारेतून आवाज थेट संगणकात जातो. मिनीलॉगच्या यूएसबीतून फक्त मिडी (कोणती पट्टी दाबली याचे संदेश) जातं, आवाज इंटरफेसमधूनच घ्यावा लागेल. पट्ट्याही ३७ आणि बारीक. आफ्टरटच (दाबलेली पट्टी आणखी दाबून आवाज बदलण्याची सोय) दोघांच्याही पट्ट्यांना नाही, त्यामुळे त्यावरून निवड करू नका.

निषाद
मंद्रसप्तक, चार व्हॉइसच्या एका ॲनालॉग सिंथवर मी सहा वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेकांना वाटतं, पाचवं बोट टेकवलं की अडचण येणार. खरी अडचण त्याच्या आधीच येते, बोटं उचलल्यावर. सी मायनर सेव्हन्थ धरा, चार सूर, चारही व्हॉइस कामाला लागले. रिलीज, म्हणजे पट्टी सोडल्यावर सूर विरण्याचा वेळ, पाच सेकंदांचा ठेवलाय. आता हात उचलून पुढची कॉर्ड वाजवा. मागचे सूर अजून विरतायत, म्हणजे चारही व्हॉइस अडकलेलेच आहेत. नव्या सुरांना ते द्यायचे म्हणून मागची शेपटी जागच्या जागी तुटते. हेडफोनवर तो तुटका काठ स्पष्ट ऐकू येतो. पॅडचा सगळा जीव त्या विरण्यातच असतो, त्यामुळे हे फार बोचतं.

यावर माझा उपाय असा: रिलीज आखूड करायचा आणि लांबी रिव्हर्बकडून (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टकडून) घ्यायची. रिव्हर्ब व्हॉइसच्या नंतर येतो, व्हॉइस काढून घेतला तरी त्याचा घुमारा चालूच राहतो. एक्सडीमध्ये रिव्हर्ब आणि डिले दोन्ही आहेत. आणि बास त्याच हाताने वाजवू नका, वेगळ्या ट्रॅकवर घ्या. तुम्हाला मंचावर वाजवायचं नाहीये, दोनदा रेकॉर्ड करायला कोण अडवतंय?

पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका. व्हायटल हा सॉफ्टवेअर सिंथ फुकट मिळतो. त्यात व्हॉइसची संख्या चारवर आणा आणि तुमच्याच जुन्या कामातला एखादा तुकडा पुन्हा वाजवून बघा. आठवडाभर तसंच काम करा. आपल्या हातांना नेमकं काय लागतं ते तेव्हाच कळतं, माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून नाही कळत.

मंद्रसप्तक
निषाद, मनापासून आभार. नऊ दिवस चार व्हॉइसवरच बसले. मागच्या लघुपटातला शेवटचा तुकडा घेतला, रिकाम्या खोलीच्या दृश्याचा. दोन ठिकाणी शेपटी तुटली. पहिली जागा रिलीज कमी करून रिव्हर्बवर निभावली. दुसऱ्या जागी बास धरून वर कॉर्ड बदलत होत्या, तिथे काही केल्या जमेना, म्हणून बास वेगळा वाजवला. आणि वेगळा झाल्यावर त्याचा फिल्टर स्वतंत्रपणे बंद करत नेता आला! मूळ तुकड्यात हे मला सुचलंच नव्हतं. दिग्दर्शकाला दोन्ही ऐकवले, त्याने नवा ठेवून घेतला.

एक्सडीच घेतेय. पियानो लॅपटॉपमधूनच येईल, आजवर येतोय तसा. एकच शंका उरली. स्टीरिओ आउट इंटरफेसचे दोन्ही इनपुट खाणार, मग दर वेळी माइक काढावा लागेल का?

खुंटी
पॅड रेकॉर्ड करताना काढा, नाहीतर रिव्हर्बचा पसारा हातचा जाईल. बाससाठी फक्त डावा जॅक लावा, त्यावर 'मोनो' असंही लिहिलेलं असतं. माइक दुसऱ्या इनपुटला तसाच राहू द्या. आणि रेकॉर्डिंगच्या थोडं आधी सिंथ चालू करून ठेवा, त्याचे दोन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग) ॲनालॉग आहेत, तापून सुरात स्थिर व्हायला त्यांना काही मिनिटं द्यावी लागतात.