वंशभेदाविरुद्ध पथनाट्य, सरकारी अनुदान मिळतं का?

ऐरोलीकर: आमच्या बिल्डिंगमध्ये मणिपूरच्या दोन मुलींना घर नाकारलं, वर जिन्यात 'चिंकी' म्हणून हाका. मंडळाने पथनाट्य बसवलंय. ढोलकी उसनी, बॅनर पदरचा. अनुदान कुठे मागायचं?

खोपटची मावशी: मंडळ नोंदलेलं आहे का? 1950च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची नोंदणी आणि नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलचा क्रमांक लागतोच. माझी फाइल एका ऑडिट रिपोर्टपायी चार महिने अडकली होती, कारकून रोज 'उद्या या'!

कोपरीचा बाळ्या: केंद्रीय गृहखात्याचं राष्ट्रीय सांप्रदायिक सद्भाव प्रतिष्ठान आहे, 1992पासूनचं. तिथे विचारून बघा.

ऐरोलीकर: नोंदणी कसली, गणपतीची पावतीपुस्तकं तेवढी आहेत.

मावशी: मग आधी धर्मादाय कार्यालय गाठा. आणि त्या मुलींना घर मिळालं का?