‘जईफ’ म्हणजे खोटी का?

प्रश्न:
पैगंबर मुहंमद यांच्या चरित्रावरचा एक उर्दू लेख मराठीत आणतेय. त्यात हिजरतीच्या (मक्केहून मदिनेला जाण्याच्या) वेळच्या सौर गुहेच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं ती गोष्ट आहे, आणि पुढे ‘ये रिवायत ज़ईफ़ है’. मी ‘ही कथा खोटी आहे’ असं लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारली. आपल्याकडे जईफ म्हणजे थकलेला म्हातारा. कथेला म्हातारी कसं म्हणू?

– रेघ बरोबर आहे. अरबीत जईफ म्हणजे अशक्त, मराठीत तो वयाकडे सरकला. इथे अशक्त असते ती सनद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं त्या नावांची साखळी. ‘सनद’चा मूळ अर्थ टेकू. आपल्याकडे तिचा इनामाचा कागद झाला आणि आता ती सनदी लेखापालाला चिकटलीय. सांगणारा तो रावी, सांगितलेला मजकूर म्हणजे मतन. रावी विसराळू असेल, किंवा दोघांची गाठ पडणंच शक्य नसेल, तर सनद जईफ. प्रसंग घडलाच नाही असं त्यातून निघत नाही, टेकू पुरत नाही इतकंच. मी ‘कच्ची’ लिहितो. रचलेल्या कथेला वेगळा शब्द आहे, ‘मौजू’. आपल्या वजाबाकीतला ‘वजा’ त्याच धातूचा. मराठीत सरळ ‘पदरची’ म्हणा.

– ‘कच्ची’ने पुढे पिकेल असं वाटत नाही का?

– वाटू दे, तसं होतंही. दुसऱ्या वाटेने आलेल्या सनदींचा आधार मिळाला तर काही जईफ कथा ‘हसन’ दर्जाला चढतात. हसन म्हणजे सहीहच्या, म्हणजे पूर्ण भरवशाच्या कथेच्या, खालची, पण चालणारी. तुमचं कोळ्याचं उदाहरण तर फारच नेमकं आहे. गुहेत लपल्याचा उल्लेख कुराणात आहे (९:४०), त्याबद्दल वाद नाही. जाळ्याची कथा अहमद इब्न हंबल यांच्या ‘मुस्नद’ या हदीससंग्रहात येते (हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद). १४व्या शतकातले अभ्यासक इब्न कसीर यांनी तिची सनद हसन ठरवली, तर २०व्या शतकातले हदीस-अभ्यासक अल्बानी यांनी जईफ. मजकूर तोच, पण रावीवर भरवसा किती ठेवायचा यावर दोघांचं जमत नाही. त्याच गुहेच्या तोंडाशी बसलेल्या कबुतरांच्या जोडीची कथा याहूनही कच्ची. आणि पैगंबरांच्या अंगावर रोज कचरा टाकणाऱ्या म्हातारीची गोष्ट, जी आपल्याकडे हमखास भाषणात येते, ती हदीसच्या प्रमाण ग्रंथांत सापडतच नाही. तिथे जईफ म्हणणंसुद्धा जास्त होईल.

– एक भर. चरित्राला, म्हणजे सीरतला, हदीसइतकी कडक चाळणी लावत नसत. सुरुवातीचे चरित्रकार इब्न इसहाक (मृत्यू सुमारे ७६७) यांच्यावर मदिनेचे धर्मपंडित इमाम मालिक इतके चिडले की त्यांना ‘दज्जाल’, म्हणजे महाठग, म्हणाले. पण लढायांच्या हकिकतींसाठी पुढच्यांनी त्यांनाच धरलं. हलाल-हरामचा प्रश्न आला की मात्र हात आखडता. त्यांचं पुस्तक आज आपल्यापर्यंत येतं ते मुख्यतः इब्न हिशाम यांनी काटछाट केलेल्या रूपात. म्हणून सीरतच्या पुस्तकात ‘जईफ’ वारंवार दिसला तर दचकू नका.

– अशा कथेला अरबीत ‘खबर’ही म्हणतात. आपली ‘बखर’ त्याच खबरेतली अक्षरं उलटसुलट होऊन झाली असं काहीजण मानतात. व्युत्पत्ती वादग्रस्त आहे, पण मला आवडते.

प्रश्नकर्ती:
मग ‘सहीह’चं ‘सही’ करू का?

– नको! ‘सही हदीस’ वाचून लोक खाली सही शोधतील. शब्द तोच, पण शेवटचा ह राहू द्या.

प्रश्नकर्ती:
आता असं केलंय: ‘कोळ्याच्या जाळ्याच्या कथेची सनद कच्ची मानतात.’

– कोण मानतात तेही घाला, इब्न कसीर मानत नव्हते. आणि ‘कोळ्याचं जाळं’ म्हटलं की आमच्या किनाऱ्यावर मासे आठवतात. ‘कोळिष्टक’ करा.